एक खुर्ची, साडेतीनशे पुस्तकं

सकाळी सव्वासातला आमच्या बेळगावकडच्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयासमोर जाऊन उभं राहा. दार आठला उघडतं. पायऱ्यांवर माणसं कमी आणि पिशव्या जास्त. पिशवी, पाण्याची बाटली, एखादं हेल्मेट, कुणाची नुसतीच वही, असं सगळं एकामागे एक ओळीनं मांडलेलं. पोरं समोरच्या गाड्यावर चहाला गेलेली असतात आणि त्यांच्या वतीनं त्यांच्या वस्तू रांगेत उभ्या असतात. दार उघडल्यावर पंधरा मिनिटांत वाचनकक्ष भरतो. उरलेली मुलं जिन्यात बसतात, खिडकीच्या कट्ट्यावर बसतात, एक-दोघं चपलांच्या रॅकशेजारी वर्तमानपत्र अंथरून बसलेली मी पाहिली आहेत. वरच्या मजल्यावर त्याच वेळी लोखंडी रॅकच्या रांगा अंधारात उभ्या असतात आणि दिवसभरात तिथं चार माणसं फिरकली तर फिरकली.

हा वरचा मजला रिकामा करून अभ्यासिका करायची असा प्रस्ताव आला आणि दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, पुस्तकं बाहेर काढणारं विद्यापीठ कसलं? त्यात हलवायच्या पुस्तकांची यादी बाहेर फुटली, यादीत मराठी नावं भरपूर निघाली, आणि सीमाभागात पुढं जे व्हायचं ते झालं: ग्रंथालयाच्या जागेचा प्रश्न दोन दिवसांत भाषेचा प्रश्न झाला. दुसऱ्या तटाचं म्हणणं, दहा वर्षांत ज्याला कुणी हात लावला नाही त्या कागदासाठी जिवंत पोरांनी जिन्यात का बसायचं? निवेदनं गेली, वर्तमानपत्रांत पत्रं आली, एकानं दुसऱ्याला अडाणी म्हटलं, दुसऱ्यानं पहिल्याला पुस्तकी म्हटलं. (पुस्तकी ही शिवी कधीपासून झाली कोण जाणे.)

माझं मत आधीच सांगून टाकतो. मजला रिकामा करा आणि खुर्च्या मांडा. पण ‘गेल्या दहा वर्षांत देवघेव नाही’ एवढ्या एकाच निकषावर काढलेली ती यादी फाडून टाका. जागा कुणाला द्यायची हा एक प्रश्न आणि कोणतं पुस्तक हलवायचं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ते सापडलं म्हणजे दुसऱ्याचंही आपोआप सापडलं, अशा समजुतीत एक बाजू आहे. आणि दुसऱ्याचं उत्तर चुकलंय म्हणून पहिल्याचंही नाकारायचं, या हट्टाला दुसरी बाजू पेटली आहे.

आधी हिशोब. ग्रंथालयाच्या इमारतीचा आराखडा करताना ढोबळ मानानं धरतात ते असं: एका वाचकाला टेबल, खुर्ची आणि येण्याजाण्याची वाट मिळून साधारण 25 चौरस फूट लागतात. तेवढ्याच जागेत, रॅकमधली वाट धरून, 350 च्या आसपास पुस्तकं मावतात. म्हणजे शंभर मुलांना बसवायचं तर 35 हजार पुस्तकांची जागा मोकळी करावी लागते. ‘एका कोपऱ्यात चार टेबलं टाका की’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांपुढं ठेवावा. ‘कॉम्पॅक्टर बसवा, दोन्ही होईल’ म्हणणाऱ्यांनीही. रुळांवर सरकणाऱ्या त्या कपाटांनी जागा जवळजवळ निम्मी वाचते हे खरं, पण पुस्तकांचं वजन काही निम्मं होत नाही, ते निम्म्या जागेत एकवटतं. वाचनकक्षाच्या मानानं पुस्तकसाठ्याचा मजला मुळातच दीडपट-दुप्पट भार पेलणारा बांधावा लागतो, आणि कॉम्पॅक्टरला त्याहून जास्त. म्हणून ती तळमजल्यावर बसवतात. वरच्या मजल्यावर कॉम्पॅक्टर बसवा असं सभेत ठासून सांगणाऱ्यांनी त्याच्या खालच्या खोलीत कोण बसतं ते एकदा बघून यावं.

तेव्हा अदलाबदल खरी आहे. काहीतरी द्यावं लागणार. मग मी खुर्चीच्या बाजूनं का?

प्राध्यापक मंडळींचा एक आवडता टोमणा आहे: ही पोरं ग्रंथालयाचं एक पुस्तक उघडत नाहीत, स्वतःची गाइडं घेऊन येतात, पंख्याखाली बसतात आणि जातात, ग्रंथालय आहे की धर्मशाळा? यातलं पहिलं वाक्य खरं आहे. जिन्यात बसलेल्यांच्या मांडीवर एफडीए-एसडीए (कर्नाटक सरकारच्या कारकुनी जागांच्या परीक्षा), पीएसआय, बँक यांचीच पुस्तकं असतात. पण ही मुलं इथं का येतात हे विचारायला नको? बेळगावातल्या वडगाव, खासबाग, शहापूरच्या विणकराच्या घरात पुढच्या खोलीत माग असतो आणि मागच्या खोलीत संसार. मागाचा खडखडाट चालू असेल तर घरात पैसे येताहेत, तो थांबवून पोराला अभ्यासाला शांतता कोण देणार? खानापूरच्या जंगलपट्टीतून येणाऱ्या मुलीची परतीची बस ठरलेली असते. तिला दिवसाचे मिळतील ते पाच-सहा तास एका टेबलाशी मिळाले तर मिळाले. आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला राज्य सेवेच्या परीक्षेसाठी कन्नडचा सक्तीचा पेपर पार करावा लागतो. इतरांनी एक तास द्यावा तिथं त्याला तीन द्यावे लागतात. हे तीन तास तो कुठं बसून देणार? ज्यांच्या घरी अभ्यासाची स्वतंत्र खोली आहे त्यांनी शांततेला धर्मशाळा म्हणू नये.

आणि बसायची जागा हा ग्रंथालयाचा धंदाच नव्हे, हे तरी कुणी ठरवलं? आपल्या भाषेनं तर ते कधीच वेगळं ठरवलं आहे. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 चं. पुण्याचं नगर वाचन मंदिर लोकहितवादींच्या पुढाकारानं त्याच साली सुरू झालं. कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर 1850 चं. तिन्ही नावांत वाचणं आहे, पुस्तकांचा साठा नाही. एकोणिसाव्या शतकातल्या त्या ‘नेटिव्ह लायब्रऱ्यां’त माणसं प्रामुख्यानं वर्तमानपत्रं वाचायला आणि चार डोक्यांच्या शेजारी बसायला जात. साठा करायचा म्हणून संस्था उभ्या राहिल्या त्या पुढं, आणि त्यांनी नावही वेगळं घेतलं: ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893, मुंबईचं 1898. वाचनालय आणि ग्रंथसंग्रहालय ही दोन कामं आहेत म्हणून दोन शब्द आहेत. विद्यापीठाच्या इमारतीत ती एका छपराखाली आली आणि आपण समजू लागलो की एकाचं पोट भरायचं तर दुसऱ्याला उपाशी ठेवलंच पाहिजे.

पुस्तकांच्या बाजूनं जे बोललं जातंय त्यातलं सगळंच भावनेचं आहे असंही नाही. दोन मुद्दे मला वजनदार वाटतात. पहिला, रॅकपाशी उभं राहून पुस्तक शोधण्याचा. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिला ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ हा समजावताना त्यांनी मध्ययुगीन युरोपातल्या साखळदंडानं बांधलेल्या पुस्तकांची आठवण दिली होती. रंगनाथन मुक्तद्वार पद्धतीचे कट्टर पुरस्कर्ते: वाचकाला थेट रॅकपाशी जाऊ द्या. वर्गीकरण म्हणजे तरी काय, पुस्तकांना शेजार लावून देणं. घटप्रभेच्या कालव्यावरचं काही हवं म्हणून मी एकदा गेलो आणि शेजारी गोकाकच्या गिरणी-कामगारांवरची एक पातळ चोपडी सापडली. तिच्या नावानं ती मी जन्मात मागितली नसती, कारण ती आहे हेच मला ठाऊक नव्हतं. पुस्तकं गोदामात गेली की हा शेजार मोडतो. हे नुकसान आहे आणि ते भरून येत नाही, एवढं मान्य करूनच पुढं जायला हवं.

दुसरा मुद्दा अविश्वासाचा. सीमाभागात राहणाऱ्या मराठी माणसाला ‘तुमची पुस्तकं फक्त दुसरीकडं ठेवतोय’ हे वाक्य ऐकून काय वाटतं ते बाहेरच्याला कळणार नाही. राज्यपुनर्रचना झाली त्या 1 नोव्हेंबर 1956 पासून इथं पाटी, परिपत्रक, सातबारा, बसवरचा फलक, प्रत्येक गोष्टीवर भाषेचं माप लागलेलं आहे. अशा ठिकाणी यादीत मराठी नावं जास्त दिसली तर माणूस संशय घेणारच. तो संशय मला वेडगळ वाटत नाही. पण यादी नीट वाचली तर तीत कट कमी आणि आळस जास्त दिसतो, आणि माझ्या मते आळस कटापेक्षा घातक. कट उघडा पडतो तरी. आळसाला ‘नियमाप्रमाणे’ असा शिक्का मिळतो.

त्या निकषाकडं आता जरा जवळून बघू. ‘दहा वर्षांत देवघेव नाही’ यामागं शास्त्र नाही असं नाही. 1969 मध्ये अमेरिकन संशोधक रिचर्ड ट्रूसवेल यांनी दाखवलं होतं की ग्रंथालयातली सुमारे 80 टक्के देवघेव 20 टक्के पुस्तकांवर चालते. पिट्सबर्ग विद्यापीठाचा 1979 चा अभ्यास त्याहून बोचरा: 1969 मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळपास 40 टक्के पुढच्या सहा वर्षांत एकदाही कुणी घरी नेली नव्हती. तेव्हाही प्राध्यापक चिडले होते. आकडे खोटे नव्हते. खुर्चीवाल्यांच्या हातातला हा सगळ्यात भारी पत्ता आहे, आणि पुस्तकवाले त्याला ‘आकड्यांनी संस्कृती मोजता येत नाही’ असलं सुभाषित फेकून उत्तर देतात. उत्तर तसं देऊन चालणार नाही. आकडा काय मोजतो आणि काय मोजत नाही ते सांगायला हवं.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी फक्त घरी नेलेलं पुस्तक मोजते. टेबलाशी बसून उतरवून घेतलेलं मोजत नाही. संदर्भाचं पुस्तक तर घरी देतच नाहीत. त्याची चिठ्ठी कोरीच राहणार. आणि मुख्य गोष्ट ही की न सापडणारं पुस्तक कुणी नेणार कसं? आपल्या सीमाभागातल्या किती ग्रंथालयांत मराठी पुस्तकांची नोंद देवनागरीत आहे? जुन्या तालिकापत्रांवर, म्हणजे कॅटलॉगच्या कार्डांवर, नावं रोमन टाइपरायटरनं ठोकलेली. संगणक आला तेव्हा तीच जशीच्या तशी आत चढवली, ठोकणाऱ्याच्या कानाला जसं ऐकू आलं तशी. ‘ज्ञान’ कुठं ‘डीएनवाय’, कुठं ‘जीवाय’, कुठं ‘जेएनए’. ‘ळ’ चा कधी एल, कधी त्याच्याखाली टिंब, आणि टिंब संगणकात गळून पडलेलं. मी स्वतः एका लेखकाचं आडनाव चार स्पेलिंगांनी शोधलं आहे. तीन वेळा ‘नोंद आढळली नाही’ आणि चौथ्या वेळी सात पुस्तकं. विद्यार्थी पहिल्या वेळीच उठून जातो. कुठलीही लिपी संगणकात जशीच्या तशी ठेवणारं युनिकोड गेली कित्येक वर्षं आहे, ग्रंथालयाची सॉफ्टवेअरं देवनागरी आणि कन्नड दोन्ही घेतात, तरी जुन्या नोंदी कोण बदलणार म्हणून त्या तशाच. पुस्तक आधी लपवायचं आणि मग कुणी मागत नाही म्हणून हाकलायचं, याला वाचकांची उदासीनता म्हणायचं का?

आता त्या निकषाची खरी गंमत. वरच्या मजल्यावरची जागा नक्की कशानं भरली आहे? मराठी पुस्तकांनी? जुन्या कन्नड पुस्तकांनी? मजला फिरून बघा. व्हॅट आणि विक्रीकराची पाठ्यपुस्तकं, एकेकाच्या वीस-वीस प्रती. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि ती एका रात्रीत इतिहासजमा झाली. 1956 च्या कंपनी कायद्यावरची पुस्तकं. 2013 मध्ये नवा कायदा आला. भारतीय दंड संहितेच्या प्रतींची भिंतच्या भिंत. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. पुस्तक पेढीसाठी घेतलेले संचच्या संच, अभ्यासक्रम दोनदा बदलून गेलेला. संगणकाची जी पुस्तकं आहेत त्यातली यंत्रं आता भंगारवालासुद्धा घेत नाही. यातलं बरंचसं शेवटच्या तुकडीनं शेवटच्या वर्षी परीक्षेपुरतं घरी नेलेलं होतं. म्हणजे दहा वर्षांच्या निकषातून ते सुटतं! मेलेल्या कराचं पुस्तक बचावलं आणि 1930 च्या दशकातलं, दुसरीकडं कुठं नसेल असं पुस्तक यादीत गेलं. हा निकष जागा मोकळी करायलासुद्धा नालायक आहे.

मग या प्रती काढत का नाहीत? कारण प्रत्येक प्रतीला दाखल नोंदवहीत स्वतंत्र क्रमांक आहे. ऑडिटवाला पुस्तकाचं नाव वाचत नाही, क्रमांक मोजतो. निवृत्तीच्या वेळी ग्रंथपालाला सगळा साठा मोजून पुढच्याच्या ताब्यात द्यायचा असतो. कमी पडलं तर बोट त्याच्याकडं. केंद्र सरकारच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत तर साफ म्हटलं आहे की वर्षभरात दिल्याघेतल्या आणि चाळल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणं रास्त धरावं. पण नियम वाचून भीती जाते थोडीच. निर्लेखनाचा, म्हणजे पुस्तक नोंदवहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव म्हणजे समिती, समितीची बैठक, बैठकीत एक सदस्य हमखास म्हणणार ‘असू दे की, खातंय काय ते?’ आणि फाइल परत. ते जागा खातंय. एकेक खुर्ची खातंय. निर्लेखन हा ग्रंथालयाचा गुन्हा नसून नेहमीचं काम आहे, शेतात भांगलण असते तसं, हे जोवर विद्यापीठ लेखी मान्य करत नाही तोवर ग्रंथपाल दोन टोकांनाच झुलत राहणार: एरवी काहीच काढायचं नाही, आणि वरून हुकूम आला की दहा वर्षांची यादी छापून द्यायची.

हे मी शहाणपणानं लिहीत नाहीये. मीही अशा एका यादीवर सही केली आहे. पुष्कळ वर्षं झाली, या जिल्ह्यातल्याच एका महाविद्यालयात ग्रंथालय समितीवर होतो. खोली गळत होती, पुस्तकं काढायची होती. यादी तारखेच्या चिठ्ठीवरूनच केलेली. मी पहिली दोन पानं वाचली, उरलेल्यांवर चहा पिता पिता सह्या ठोकल्या. जुलैचा महिना, आमच्याकडचा पाऊस. टेम्पोवरची ताडपत्री फाटकी. खोकी वर चढवेपर्यंत तळं ओली होऊन फुटायला लागली आणि ग्रंथालयातले मामा खाली पडलेली पुस्तकं धोतराच्या सोग्याला पुसून परत आत घालत होते. रद्दीत जाणारी पुस्तकं, पुसून. रद्दीवाल्यानं ओल्या पुस्तकांचं वजन जास्त भरतं म्हणून किलोमागे भाव पाडून मागितला. त्यावर बरीच घासाघीस झाली. पुस्तकांवर काहीच झाली नाही. दोन वर्षांनी एक मुलगी एम. फिल.साठी या भागातल्या शाळांच्या जुन्या स्मरणिका शोधत माझ्याकडं आली. मला ती यादी आठवली. तिसऱ्या की चौथ्या पानावर ‘स्मरणिका, इतर, संकीर्ण’ असं होतं, पुढं क्रमांकांची रांग, आणि खाली माझी सही.

तेव्हापासून मला वाटतं की पुस्तक काढताना एकच प्रश्न आधी विचारावा: ही शेवटची प्रत आहे का? किती जणांनी नेलं हा नंतरचा प्रश्न. ज्याच्या पन्नास प्रती धारवाडात, कोल्हापुरात, मुंबईत पडल्या आहेत त्या गाजलेल्या कादंबरीची आपल्याकडची जीर्ण सहावी प्रत खुशाल काढा. ती मराठी आहे म्हणून तिला मिठी मारायचं कारण नाही. पण शाळेची स्मरणिका, सहकारी सोसायटीचा अहवाल, बेळगावात छापलेला आणि तीन वर्षांत बंद पडलेला दिवाळी अंक, यांना दुसरी प्रत नसते. जी. ए. कुलकर्णी याच जिल्ह्यात एकसंब्याला जन्मले, बेळगावात शिकले आणि धारवाडात इंग्रजी शिकवत राहिले. इंदिरा संतांचं आयुष्य बेळगावात गेलं. त्यांची पुस्तकं कुठंही मिळतील. त्यांच्या भोवतीचं जे गाव होतं ते या चोपड्यांत आहे.

आणि सीमाप्रश्नावर तावातावानं बोलणाऱ्यांना तर मी हे दोनदा सांगीन. 1946 च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला हे सगळ्यांना पाठ आहे. महाजन आयोग, 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेला दावा, हेही पाठ आहे. हे सगळं कशावर उभं राहिलं? शिरगणतीचे तक्ते, गावांच्या याद्या, शाळांचे पट, जुने अहवाल. ज्याची चिठ्ठी वर्षानुवर्षं कोरी असते असाच कागद. तो वाचवायचा तर मोर्चाबरोबर तालिकेचंही काम करावं लागतं, आणि त्या कामाला कुणी येत नाही.

‘सगळं स्कॅन करा, प्रश्न मिटला’ हेही ऐकू येतं. 2025 पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सरकारी संस्थांना सुमारे 13 हजार नियतकालिकं संगणकावर मिळू लागली. उत्तम झालं, विज्ञानाच्या इंग्रजी नियतकालिकांचे जाडजूड बांधीव खंड आता खरोखरच हलवता येतील आणि जागाही तेच फार अडवतात. पण त्या 13 हजारांत आपली चोपडी नाही. ती स्कॅन करायची तर लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क चालतो, वारस कुठं आहेत कुणाला माहीत नाही. शिवाय घाईनं केलेल्या स्कॅनमध्ये पानं उडतात, दोन पानं एकदम उलटतात, कडेची टीप कापली जाते. कागद रद्दीत घालून असला स्कॅन ठेवला तर तीच शेवटची प्रत झाली की. स्कॅन कराच. पुस्तक ठेवून करा.

ठेवायचं कुठं? याचं उत्तर जगानं कधीच शोधून ठेवलं आहे. हार्वर्डनं 1986 मध्ये गावाबाहेर कोठार बांधलं. तिथं पुस्तकं विषयवार नव्हे तर आकारवार ट्रेमध्ये उभी, प्रत्येकाला बारकोड, मागणी आली की काढून पाठवायची. पुढं प्रिन्स्टन, कोलंबिया आणि न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी यांनी मिळून एकच कोठार केलं. त्याच न्यूयॉर्कच्या ग्रंथालयानं वाचनकक्षाखालचे सात मजले पुस्तकं काढून रिकामे करायचा घाट घातला होता. लेखक-संशोधक उठले, दावे झाले, आणि 2014 मध्ये तो बेत सोडून शेजारच्या बागेखालचं तळघर पुस्तकांसाठी तयार केलं. मोठी श्रीमंत उदाहरणं आहेत, खरं. आपल्याला बागेखाली तळघर नको. वाळवी आणि ओल लागणार नाही असं, जमिनीपासून उंच जोत्याचं एक गोदाम पुरे. बेळगाव-धारवाड अंतर 80 किलोमीटरच्या आत, बेळगाव-कोल्हापूर 110 च्या आसपास. शेवटची प्रत कुठं आहे ते या तीन शहरांनी एकमेकांना सांगायचं, कोठार मिळून चालवायचं, मागितलेलं पुस्तक दोन दिवसांत बसनं यायचं.

दोन राज्यांची विद्यापीठं एका कोठारात, म्हटल्यावर माझ्या एका मित्रानं हसून विचारलं, ‘पाटी कुठल्या भाषेत लावणार?’ लावू नका पाटी. तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय आठवा. तमिळ मुलखात मराठी राजांनी वाढवलेलं, दुसऱ्या सरफोजींनी हौसेनं भरलेलं. त्यांचं राज्य गेलं, भाषा बोलणारे हातावर मोजण्याइतके उरले, तरी मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागद आजही तिथं आहेत. ती ठेवताना तंजावरात दर वर्षी किती जणांनी नेली याचा हिशोब कुणी मागितला असता तर?

हा नियम उलट्या बाजूनंही लागू करायला मी बांधील आहे. जत आणि अक्कलकोट तालुक्यांत घरोघरी कन्नड बोलतात. कन्नड कवी द. रा. बेंद्रे घरी मराठी, कवितेत कन्नड. 1944 ते 1956 ते सोलापुरात शिकवत होते. सोलापूर-सांगलीकडच्या एखाद्या महाविद्यालयात कन्नड पुस्तकांची तारखेची चिठ्ठी किती भरलेली असेल? तिथल्या समितीत एखादा मराठी प्राध्यापक चहा पिता पिता सही ठोकत असेल तर बेळगावच्या यादीबद्दल बोलायचा हक्क आपण गमावतो.

राहिलं काम. यादी नव्यानं करायची तर प्रत्येक नावाशी तीन रकाने हवेत: आपल्याकडं किती प्रती, धारवाड-कोल्हापुरात आहे का, नोंद मूळ लिपीत आहे का. मराठी आणि कन्नड दोन्ही वाचणारी माणसं लागतील, आणि ती जिन्यात बसलेलीच आहेत. तासावर पैसे द्या, सुट्टीत करतील. सुरुवात जीएसटीच्या आधीच्या करांपासून करा, पहिल्या आठवड्यातच दहा-पंधरा खुर्च्यांची जागा निघेल. कोठाराचं नक्की होईपर्यंत शेवटच्या प्रतीला हात लावू नका. आणि जे काही हलवायचं ते मिरगाच्या आधी हलवा, ताडपत्री न फाटलेली बघून.